बरोडा की वडोदरा: डोमेन नाव आणि गूगलमधला क्रमांक यांची पार्श्वभूमी

शिकवणीचे वर्ग असोत, पोळीभाजी केंद्र असो की दांडिया बाजारातलं साड्यांचं दुकान, बडोद्यात कुणी वेबसाइट काढायला निघालं की पहिला सल्ला ठरलेला: नावात धंदा घाला, शहर घाला, म्हणजे गूगलवर वर याल. मग दोन पिढ्यांनी कमावलेलं दुकानाचं नाव बाजूला पडतं आणि 'बेस्ट शेव उसळ वडोदरा डॉट कॉम' अशा छापाचं काहीतरी विकत घेतलं जातं. मला हे बघवत नाही. पण हा सल्ला कुणी हवेतून काढलेला नाही. एके काळी तो खरोखर लागू पडत होता, आणि का लागू पडत होता हे कळलं तरच आज तो का चालत नाही हे नीट कळतं.

डोमेन नावं, म्हणजे 'अमुक डॉट कॉम' असे वेबसाइटचे पत्ते, जन्मली तेव्हा शोधाचा काही संबंधच नव्हता. नेटवर्कवरच्या प्रत्येक यंत्राला आकड्यांचा पत्ता असे; कुठलं नाव कुठल्या आकड्यांचं याची एकच यादी ठेवलेली असे आणि सगळे ती उतरवून घेत. यंत्रं वाढली, यादी आवरेना, म्हणून पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये डोमेन नेम सिस्टीमची, म्हणजे नावावरून आकड्यांचा पत्ता शोधून देणाऱ्या यंत्रणेची, रचना मांडली. १५ मार्च १९८५ रोजी सिम्बॉलिक्स डॉट कॉम हे पहिलं डॉट कॉम नाव नोंदलं गेलं. नोंदणीला पैसे पडत नसत; १९९५ मध्ये दोन वर्षांचे १०० डॉलर असं शुल्क सुरू झालं.

नावाला भाव आला तो वेब आल्यावर. तेव्हाची शोधयंत्रं कच्ची होती. अनेक जण शोधायच्या भानगडीत न पडता हव्या त्या वस्तूचं इंग्रजी नाव आणि त्यापुढे डॉट कॉम टाइप करून बघत. त्यामुळे साध्या, सर्वसामान्य शब्दांना सोन्याचा भाव आला. १९९९ मध्ये बिझनेस डॉट कॉम हे नाव ७५ लाख डॉलरना विकलं गेलं. याहूसारख्या, माणसांनी हाताने लावलेल्या सूचींमध्ये नावं वर्णक्रमाने येत, म्हणून ए अक्षराने किंवा आकड्याने सुरू होणारी नावं घेण्याचीही एक टूम निघाली होती. ती सूचींबरोबरच मागे पडली.

खरी गोष्ट सुरू होते गूगलपासून. गूगलचे संस्थापक लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८ मध्ये जी पद्धत मांडली तिच्यात दोन कल्पना होत्या. एका पानाने दुसऱ्या पानाला लिंक दिली की ती शिफारस धरायची, ही पहिली. ती सगळ्यांना ठाऊक आहे. दुसऱ्या कल्पनेकडे कमी लक्ष जातं. लिंक ज्या शब्दांवर दिलेली असते ते शब्द समोरच्या पानाचं वर्णन करतात, असं धरायचं. डोमेन नावाचा सगळा खेळ या दुसऱ्या कल्पनेत आहे. दुकानाला आजोबांचं नाव असेल, तर लिंक देणारा आजोबांचं नाव लिहिणार. त्या शब्दांवरून दुकानात काय मिळतं ते यंत्राला कळायचं नाही. पण साइटचं नावच 'वडोदरा फ्लॅट्स' असेल, तर प्रत्येक लिंक देणारा नकळत तेच शब्द लिहिणार, आणि घर शोधणारा माणूसही नेमके तेच शब्द टाइप करणार.

शिवाय एक पेच होता. एखाद्याने एखाद्या साइटचं नावच टाइप केलं, तर ती साइट सर्वांत वर दाखवणं हे शोधयंत्राचं कर्तव्यच आहे. आता नाव म्हणजेच सर्वसामान्य शब्द असले, तर माणसाला ती साइट हवी आहे की तो विषय हवा आहे, हे यंत्राने कसं ओळखायचं? या फटीतून हजारो साइट्स आत शिरल्या.

भारतात ही लाट जोरात यायला आणखी एक कारण घडलं. भारताची म्हणून असलेली डॉट इन नावं आधी फार अटींवर मिळत. १९९२ ते २००४ या काळात जेमतेम ७,००० नोंदली गेली होती. जानेवारी २००५ पासून धोरण मोकळं झालं आणि कुणालाही, थोडक्या पैशांत, डॉट इन नाव घेता येऊ लागलं. शहर आणि धंदा यांच्या जोड्या भराभर उचलल्या गेल्या. त्यातल्या बऱ्याच जणांना धंदा करायचाच नव्हता. एक-दोन पानांचा इकडूनतिकडून उचललेला मजकूर, बाजूला जाहिराती, आणि उरलेलं काम नावाने करायचं. वडोदऱ्यात खरोखर फ्लॅट विकणारा, वर्षानुवर्षं प्रामाणिकपणे काम करणारा माणूस अशा रिकाम्या पानाच्या खाली दिसायचा. त्या काळात ज्यांनी नुकसान सोसलं त्यांच्या मनात 'नावच चालतं' हे पक्कं बसलं असेल, तर त्यांना दोष देता येत नाही.

गूगलने २०११ च्या फेब्रुवारीत पांडा नावाचा बदल आणून पोकळ मजकुरावर पहिला घाव घातला. नावांची पाळी २८ सप्टेंबर २०१२ ला आली. शोधशब्दांशी तंतोतंत जुळणारं नाव असलेल्या निकृष्ट साइट्स खाली ढकलणारा बदल येत असल्याचं गूगलचे मॅट कट्स यांनी त्या दिवशी जाहीर केलं. अमेरिकेतल्या इंग्रजी शोधांपैकी ०.६ टक्के शोधांवर त्याचा जाणवण्याइतका परिणाम होईल, असंही सांगितलं. यातला 'निकृष्ट' हा शब्द तेव्हाही अनेकांनी वाचला नाही. एका गटाने जुळणारं नाव म्हणजे गुन्हा असं मानलं, दुसऱ्याने काही बदललंच नाही असं. खरं तर नावाला शिक्षा नव्हती. नावाच्या जोरावर मिळणारी फुकटची उडी काढून घेतली होती. ज्यांच्याकडे माल होता त्यांच्या साइट्स टिकल्या. आज गूगलची नवशिक्यांसाठीची मार्गदर्शिका स्पष्ट सांगते की डोमेन नावातल्या शब्दांचा केवळ त्यांच्यामुळे क्रमांकावर जवळजवळ काही परिणाम होत नाही.

बडोद्यात या प्रश्नाला एक जादाची बाजू आहे. १९७४ मध्ये शहराचं अधिकृत नाव बरोडाचं वडोदरा झालं, पण सयाजीराव महाराजांनी १९०८ मध्ये स्थापन केलेली बँक आणि १९४९ मध्ये उभं राहिलेलं विद्यापीठ आजही बरोडाच म्हणवतात. आपण घरात बडोदं म्हणतो. मराठी वाङ्मय परिषदेच्या नावातही बडोदेच आहे. त्यामुळे 'कुठलं नाव घालू?' हा प्रश्न हमखास येतो. शोधाच्या दृष्टीने त्याचं ओझं आता उरलेलं नाही, कारण बरोडा आणि वडोदरा हे एकच शहर आहे हे गूगलला चांगलं कळतं. जवळपासचं दुकान शोधणाऱ्याला तर आधी नकाशातली यादी दिसते. तिथे विषयाशी जुळणं, अंतर आणि प्रसिद्धी या तीन गोष्टी पाहिल्या जातात, असं गूगल सांगतं. रावपुऱ्यातल्या दुकानाला नकाशावरचा बरोबर पत्ता, वेळा, फोटो आणि ग्राहकांचे खरे अभिप्राय जे देतात ते डोमेनमधला 'वडोदरा' देणार नाही. नकाशातल्या नोंदीतही दुकानाच्या पाटीवर असलेलंच नाव द्यायचं असा नियम आहे. मागेपुढे शब्द चिकटवले तर नोंद बंदसुद्धा होऊ शकते.

डॉट कॉम की डॉट इन, याचं उत्तर सोपं आहे. डॉट इनवरून साइट भारतासाठी आहे असा संकेत जातो. ग्राहक इथलाच असेल तर ते चांगलंच. लोणची-मसाले न्यू जर्सीतल्या घरांना पाठवायचे असतील तर डॉट कॉम बरं. पुढे आलेल्या डॉट शॉप, डॉट गुरू वगैरे शेपटांतल्या शब्दांमुळे क्रमांकात फायदाही नाही आणि तोटाही नाही, हे गूगलने जुलै २०१५ मध्येच जाहीर केलं आहे.

त्याच खुलाशात देवनागरीसारख्या लिप्यांतल्या शेपटांनाही हाच न्याय लावला होता, आणि मला ते फार महत्त्वाचं वाटतं. डॉट भारत २०१४ च्या ऑगस्टमध्ये सुरू झालं आणि मराठीत संपूर्ण पत्ता लिहिण्याची सोय झाली. आतून मात्र ही यंत्रणा रोमन अक्षरंच ओळखते, म्हणून २००३ मध्ये ठरलेल्या प्युनीकोड पद्धतीने देवनागरी नावाचं रोमन रूप केलं जातं. काही ठिकाणी लिंक चिकटवली की ते अगम्य रूपच समोर येतं आणि वाचणाऱ्याला फसवणुकीचा संशय येतो. मराठी संस्थांनी देवनागरी नाव जरूर घ्यावं, पण रोमन नावही घेऊन दोन्ही एकाच साइटकडे वळवावीत.

नावाचं खरं मोल न्यायालयाने वेगळ्या जागी दाखवून दिलं. सत्यम इन्फोवेच्या खटल्यात २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डोमेन नावाला व्यापारचिन्हासारखं संरक्षण मिळू शकतं असं मान्य केलं. म्हणजे नाव ही तुमची ओळख आहे, ती दुसऱ्याने पळवायची नाही. रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबरपर्यंत फक्त बँकांनाच मिळणाऱ्या डॉट बँक डॉट इनवर जायला सांगितलं, तेही याच कारणाने: ग्राहकाला खरी बँक ओळखता यावी. क्रमांकाचा त्यात प्रश्नच नव्हता.

ज्यांनी पूर्वी शब्द कोंबलेलं नाव घेतलं आहे आणि त्यावर धंदा नीट चालला आहे, त्यांनी ते घाईने टाकू नये. बदलायचंच ठरलं, तर जुन्या प्रत्येक पानावरून नव्या साइटवरच्या त्याच पानाकडे कायमचं वळण, म्हणजे ३०१ रीडायरेक्ट, लावून घ्यावं. ते किमान वर्षभर ठेवावं असं गूगल सांगतं. मी म्हणेन, जुनं डोमेन त्यानंतरही दर वर्षी पैसे भरून आपल्याच नावावर ठेवा. सोडलेलं नाव दुसरा कुणीही घेऊ शकतो, आणि तुमच्या जुन्या बिलांवर, पिशव्यांवर, लग्नपत्रिकांच्या मागे छापलेला पत्ता मग त्याच्या पानावर उघडतो.