आल्फ्रिस्टन क्लर्जी हाउस

इंग्लंडमधील ईस्ट ससेक्स परगण्यातल्या आल्फ्रिस्टन गावातील मध्ययुगीन व्हिकारेज, म्हणजे गावच्या व्हिकारचे (चर्चच्या धर्मगुरूचे) राहते घर. १४व्या शतकातील मानले जाणारे हे लाकडी चौकटीचे, गवताने शाकारलेले घर कुकमिअर नदीच्या खोऱ्यात, ‘टाय’ नावाच्या गावच्या हिरवळीलगत, सेंट अँड्र्यू चर्चच्या शेजारी उभे आहे. १८९६ मध्ये वारसास्थळे जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेने ते अवघ्या १० पौंडांना विकत घेतले. ट्रस्टच्या ताब्यात आलेली ही पहिली इमारत, आणि बहुतेक ठिकाणी तिची ओळख एवढ्यावरच संपते. वास्तविक तिचे सुतारकाम याहून कितीतरी अधिक बोलण्यासारखे आहे.

मध्ययुगीन इंग्लंडमध्ये गावच्या चर्चचे उत्पन्न पुष्कळदा एखाद्या मठाकडे जाई. धान्याचा मोठा दशमांश, म्हणजे चर्चला द्यावा लागणारा पिकाचा दहावा हिस्सा, मठ ठेवून घेई आणि गावातले धर्मकार्य पाहण्यासाठी व्हिकार नेमी. व्हिकारच्या वाट्याला लहानसहान दशमांश आणि थोडी जमीन येत असे. आल्फ्रिस्टनचे चर्चही १४व्या शतकाच्या अखेरीस जवळच्या मिचेलम येथील ऑगस्टिनियन मठाकडे गेले. अशा व्हिकारचे घर गावातल्या सधन शेतकऱ्याच्या घरासारखेच असे. त्यामुळेच हे घर मुळात धर्मगुरूसाठी बांधले की शेतकऱ्यासाठी बांधून नंतर चर्चकडे आले, हे नुसत्या रचनेवरून सांगता येत नाही. आज अभ्यासकांचा कल दुसऱ्या शक्यतेकडे आहे.

घर ‘वील्डन’ प्रकारचे आहे. केंट आणि ससेक्समधल्या वील्ड या रानपट्ट्यात ओकचे लाकूड मुबलक होते आणि तिथे या घरांची पद्धत रुजली. रचना तीन भागांची असते. मधे जमिनीपासून छपरापर्यंत मोकळा दिवाणखाना, म्हणजे ‘हॉल’. एका टोकाला धान्य, पेये आणि भांडी ठेवण्याच्या खोल्या. दुसऱ्या टोकाला मालकाची खाजगी खोली. दोन्ही टोके दुमजली असून त्यांच्या माड्या खालच्या भिंतीपेक्षा पुढे झुकलेल्या असतात. हॉलला मात्र माडी नसल्याने त्याची भिंत मागेच राहते. या तिन्ही भागांवर छप्पर एकच, सलग आणि सरळ वळचणीचे. साहजिकच मधल्या भागात वळचण भिंतीपासून सुटून अधांतरी राहते. तिला पेलायला दोन्ही बाजूंनी कमानदार तिरके टेकू दिलेले असतात. समोरून पाहताना मधला खोलगट भाग आणि हे वाकडे टेकू दिसले की वील्डन घर लांबूनही ओळखू येते.

आत शिरल्यावर मान आपोआप वर जाते. हॉलच्या आरपार एक जाड, मधे किंचित उंचावलेली तुळई आहे. तिच्या मध्यावर एक आखूड खांब उभा असून त्याला ‘क्राउन पोस्ट’ म्हणतात. खांबाच्या डोक्यातून फुटणारे टेकू घराच्या लांबीने जाणारा एक वासा उचलून धरतात आणि त्या वाशावर छपराच्या कैच्यांना जोडणाऱ्या आडव्या दांड्यांची रांग टेकते. या पद्धतीच्या छपराला आढ्याची तुळई लागतच नाही. लाकूड ओले असतानाच घडवत, कारण वाळलेला ओक हत्याराला दाद देत नाही. सांधे खाचा पाडून जुळवत आणि ओकच्याच खुंट्या ठोकून पक्के करत. लाकूड वाळत गेले की सांधे आणखी आवळले जात. संपूर्ण चौकट आधी जमिनीवर आडवी जुळवून पाहायची, तुकड्यांवर खुणा कोरायच्या, मग सुटी करून जागेवर उभी करायची, अशी त्या सुतारांची रीत होती.

मूळ घराला धुराडे नव्हते. हॉलच्या मध्यभागी उघडी आगटी पेटे आणि धूर छपरातून वाट काढी. खिडक्यांनाही काच नसे. उभे लाकडी गज आणि आतून झडपा, एवढेच. घराला धुराडे आले ते नंतरच्या काळात. वील्डन घरे अभ्यासणारे म्हणूनच आधी वासे पाहतात, कारण काजळी धरलेले लाकूड हा उघड्या आगटीचा सर्वांत भरवशाचा पुरावा असतो.

चौकटीतले गाळे कुडाच्या भिंतींनी भरलेले आहेत: काटक्यांच्या विणीवर माती, शेण आणि पेंढा यांचा गिलावा, वरून चुना. जमीन तर खास इथलीच. आसपासच्या डाउन्स टेकड्या खडूच्या आहेत. तो खडू कुटून, ठोकून बसवायचा आणि वरून आंबट दूध ओतून पक्का करायचा. शेणाने सारवलेल्या जमिनीवर वावरलेल्यांना ही युक्ती परकी वाटणार नाही. हॉलमधल्या एका कोपऱ्यात लाकडी पट्टीवर ओकचे एक पान कोरलेले आहे. जोसेफ आर्मिटेज यांनी १९३६ मध्ये केलेले नॅशनल ट्रस्टचे ओकपानाचे बोधचिन्ह यावरूनच सुचले, असे सांगितले जाते.

१६व्या शतकात राजाज्ञेने इंग्लंडमधले मठ बरखास्त झाले तरी घर चर्चकडेच राहिले. पुढे व्हिकार दुसरीकडे राहू लागले, एका टोकाचा भाग नव्याने बांधला गेला आणि घराचे तुकडे करून ते मजुरांना भाड्याने दिले गेले. १९व्या शतकाच्या अखेरीस ते इतके खचले होते की पाडून टाकण्याची परवानगीही मिळालेली होती. व्हिकार एफ. डब्ल्यू. बेनन यांनी त्याविरुद्ध चिकाटी धरली. आधी विल्यम मॉरिस यांच्या पुढाकाराने १८७७ मध्ये स्थापन झालेली प्राचीन वास्तू संरक्षण संस्था आणि मग १८९५ मध्ये जन्मलेला नॅशनल ट्रस्ट मदतीला आले. ट्रस्टच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या ऑक्टेव्हिया हिल यांनी दुरुस्तीसाठी निधी उभारण्यात पुढाकार घेतला, कारण खरा खर्च तिथे होता. १० पौंड ही नाममात्र किंमत होती. वास्तुविशारद आल्फ्रेड पॉवेल यांनी काम पाहिले. जुने जेवढे टिकेल तेवढे ठेवायचे आणि कल्पनेने मध्ययुग नव्याने घडवायचे नाही, हे मॉरिस यांच्या संस्थेचे तत्त्व होते. जुनी चर्चे खरवडून ‘अस्सल गॉथिक’ करण्याच्या त्या जमान्यात असा संयम दुर्मीळ होता. आजचा हॉल विश्वासाने पाहता येतो तो या संयमामुळे. पुढे कला-इतिहासतज्ज्ञ सर रॉबर्ट विट इथे भाडेकरू म्हणून राहिले. घराभोवतीची बाग त्यांनी आखली.

प्रदेश बदलला की व्हिकारचे घर किती बदले, हे इतर दोन उदाहरणांत दिसते. सॉमरसेटमधील मकेल्नी येथील १४व्या शतकाच्या आरंभीचे ‘प्रीस्ट्स हाउस’ हेही हॉलचेच घर, पण भिंती दगडी. नॉर्थम्बरलँडमधील एंबल्टन येथे स्कॉटिश हल्ल्यांच्या धास्तीने व्हिकारसाठी जाड भिंतींचा चक्क बुरूज बांधला गेला आणि १९व्या शतकात जॉन डॉब्सन यांनी त्याला ऐसपैस घर जोडले. आल्फ्रिस्टनला असा धोका नव्हता. तिथे ओक, माती आणि खडू पुरेसे ठरले.