कुंग-फू मारधाडपट (हाँगकाँग, १९७०चे दशक)

कमी पैशांत आणि झपाट्याने काढलेले हाँगकाँगचे हातघाईचे चित्रपट. तलवारबाजीचे चित्रपट जोरात असताना जिमी वाँग यूच्या ‘द चायनीज बॉक्सर’ने (१९७०) नुसत्या हातापायांच्या लढतीची चटक लावली. आपल्याकडे या साऱ्याला सरसकट ‘कराटेचे पिक्चर’ म्हणत. कराटे जपानी, कुंग-फू चिनी.

शॉ ब्रदर्स या बड्या स्टुडिओकडे हाँगकाँगमधल्या क्लिअरवॉटर बे इथे कायमचे सेट होते. छोटे निर्माते तैवान किंवा दक्षिण कोरियात जात. माळरानावर सेट लागत नाही आणि उजेड फुकट मिळतो. म्हणून इतक्या मारामाऱ्या उघड्यावर होतात. ढग आले की मात्र सावल्या जुळत नाहीत.

काटकसर लढतीत नसे. कथानक दोन दिवसांत उरकणारा दिग्दर्शकही शेवटच्या मारामारीला सढळ हाताने वेळ देई. मारामारी सलग न टिपता चार-सहा फटक्यांच्या तुकड्यांत घेत आणि प्रत्येक तुकड्यासाठी कॅमेरा हलवत. मूठ, चेहरा आणि भिंग एका रेषेत हवे. कॅमेरा बाजूला सरकला की ठोसा हवेतच गेल्याचे कळते. मार खाणाऱ्याने मान उशिरा झटकली तर रीटेक. कपड्यांवर भुकटी टाकली की फटक्यासरशी धूळ उडते. यातले बरेच नट आणि फाइट मास्टर चिनी ऑपेराच्या शाळांत लहानपणापासून कोलांट्या शिकलेले, त्यामुळे उडीसाठी छोटे ट्रॅम्पोलिन पुरे.

वेग वाढवायला कॅमेरा सावकाश चालवत. सेकंदाला २२ फ्रेम टिपून २४ने दाखवल्या की मिनिटाची हालचाल ५५ सेकंदांत संपते; २० फ्रेमला ५० सेकंदांत. त्याहून खाली गेले की माणसे मूकपटातल्यासारखी तुरुतुरु पळतात. चोरी आधी कपड्यांच्या फडफडीतून कळते.

चित्रीकरण मुके. संवाद, ठोशांचे ‘धप्प’ आणि बाह्यांचे सपकारे नंतर भरत. संगीत तर बिनदिक्कत परक्या तबकड्यांवरून उचलत. इंग्रजी डबिंगमध्ये ओठांशी जुळवण्यासाठी वाक्याच्या अधेमध्ये विचित्र थांबे येतात, तेच पुढे या चित्रपटांची ओळख ठरले.

२० जुलै १९७३ला ब्रूस ली वारला आणि नकलांचा सुळसुळाट झाला. हो चुंग-ताओ या तैवानी नटाचे पडद्यावरचे नाव ब्रूस ली. रोमन लिपीत आडनावाचे स्पेलिंग वेगळे (Lee ऐवजी Li), देवनागरीत तेवढाही फरक उरत नाही. पोस्टरवर चेहरा एकाचा आणि आत भलताच नट, हा अनुभव प्रेक्षकांना नवा नव्हता. १९७८मध्ये जॅकी चॅनच्या विनोदी कुंग-फूने हवा बदलली.

जुन्या व्हिडिओ कॅसेटवरून या चित्रपटांची पारख करू नये. मूळ चौकट बहुधा २.३५:१ अशी रुंद; टीव्हीच्या ४:३ चौकटीत तिचा सुमारे ४३ टक्के भाग छाटला जातो. दोघे समोरासमोर उभे असले, की दिसते ती मधली रिकामी जागा आणि दोन्ही कडांना नाकाचे शेंडे.