यंत्राच्या कलेमागे कोणाचा रियाज?

कृत्रिम बुद्धिमत्तेला कला जमेल का, यावर पुण्यात सध्या गाण्याच्या बैठकीत आणि चित्रकलेच्या वर्गात सारख्याच तावातावाने वाद होतात. वाद जुनाच आहे. इंग्रज गणितज्ञ चार्ल्स बॅबेज यांच्या नियोजित गणनयंत्राबद्दल त्यांच्या सहकारी एडा लव्हलेस यांनी १८४३ साली लिहून ठेवलं, की हे यंत्र स्वतःहून काही निर्माण करणार नाही, आपण सांगू तेवढंच करील. त्याच टिपणांत त्या असंही म्हणतात, की स्वरांमधली नाती यंत्राच्या भाषेत मांडता आली तर ते संगीतरचनाही करील. लव्हलेस यांच्या पहिल्या आक्षेपाला संगणकशास्त्राचा पाया घालणारे अ‍ॅलन ट्युरिंग यांनी १९५० मध्ये उत्तर दिलं: यंत्रं मला वरचेवर चकित करतात. १९५७ मध्ये अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठातल्या संगणकाने चार तंतुवाद्यांसाठी रचना तयार केली आणि लव्हलेस यांची अटकळ खरी ठरली.

पुण्याचा या इतिहासाशी थेट संबंध आहे. एच. व्ही. सहस्रबुद्धे यांनी १९९२ मध्ये पुणे विद्यापीठात हिंदुस्थानी संगीताचं संगणकाने विश्लेषण आणि निर्मिती करण्यावर काम केलं. प्रत्यक्ष गायनात कोणत्या स्वरामागून कोणता स्वर किती वेळा येतो हे मोजायचं आणि त्या मोजणीवरून यंत्राकडून नवी स्वरावली काढून घ्यायची, अशी ती पद्धत.

यात किती साधतं आणि किती निसटतं, ते भूप आणि देशकार हे दोन राग शेजारी ठेवले की कळतं. दोन्हींचे स्वर तेच पाच: सा, रे, ग, प, ध. भूप संध्याकाळी गंधारावर, म्हणजे ‘ग’वर विसावतो. देशकार सकाळचा, त्याचा सगळा जोर धैवतावर, म्हणजे ‘ध’वर, आणि रिषभ (‘रे’) जेमतेम स्पर्शापुरता. नुसत्या स्वरांच्या यादीवरून हे दोन वेगळे करता येणार नाहीत, स्वरांचा क्रम मोजला तर बऱ्याच अंशी येतील. पण धैवतावर किती थांबायचं, गंधाराला कुठून कण, म्हणजे दुसऱ्या स्वराचा निसटता स्पर्श, लावायचा, हे त्या क्षणी गाणाऱ्याने ठरवलेलं असतं. मोजणीत उतरतो तो त्याच्या निवडीचा ठसा, आणि यंत्र काम करतं ते त्या ठशावर.

आजची भाषेची आणि संगीताची पुष्कळशी मॉडेलं पुढे काय येईल याचाच अंदाज बांधतात, फक्त अफाट प्रमाणावर. त्यातून नवं आणि कधी सुंदरही निघतं, हे मी मनापासून मान्य करतो. माझा आक्षेप वेगळा आहे. आपल्याकडे गुरूचं नाव घेताना गायकाचा हात कानाच्या पाळीला जातो. कोणाकडून काय घेतलं ते सांगणं हा विद्येचाच भाग आहे. या यंत्रांच्या घडणीत नेमकं तेच गळून पडलं.

२०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या क्रिस्टीज लिलावात यंत्राने केलेलं एक व्यक्तिचित्र ४,३२,५०० डॉलरना विकलं गेलं, तेव्हाच ही अडचण दिसली होती. सहीच्या जागी गणिती सूत्र होतं. त्यासाठी वापरलेला बराचसा प्रोग्राम दुसऱ्याच एका तरुणाने सर्वांसाठी खुला ठेवलेला होता, आणि यंत्र शिकलं होतं सुमारे १५,००० जुन्या व्यक्तिचित्रांवर.

कायदा मागून धावतो आहे. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने संगणकनिर्मित कृतीचा कर्ता ठरवला, तो म्हणजे ती घडवून आणणारी व्यक्ती. पण आज घडवून आणणारा कोण? एक ओळ टंकणारा, मॉडेल बांधणारी कंपनी, की ज्यांच्या कामावर ते शिकलं ते सगळे? २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अरिजित सिंग यांच्या आवाजाची यंत्राकरवी नक्कल करण्याला अंतरिम मनाई केली. हा दिलासा ओळखू येणाऱ्या आवाजाला मिळाला. ज्यांच्या ध्वनिमुद्रणांवर यंत्र शिकतं, पण ज्यांचा आवाज त्यातून ओळखू येत नाही, अशा गायकांसाठी कॉपीराइट कायद्यात वेगळी तरतूद नाही.