पाटीवरचं वय आणि हाडातलं वय

शवपेटीच्या झाकणावर धातूची एक पाटी ठोकलेली असते. तिच्यावर नाव, मृत्यूची तारीख आणि वय. लंडनच्या पूर्व भागात स्पिटलफील्ड्स नावाची वस्ती आहे. तिथल्या ख्राइस्ट चर्चच्या तळघरातून 1984 ते 1986 या काळात जवळजवळ हजार माणसांचे अवशेष बाहेर काढले गेले आणि त्यातल्या 387 जणांची ओळख अशा पाट्यांवरून पटली. हाडांच्या अभ्यासकांना हे घबाडच वाटलं. एरवी जुना सांगाडा सापडला की तो बाईचा की पुरुषाचा, किती वर्षांचा, हे हाडं निरखून ठरवायचं. ते चुकलं तरी चुकलं म्हणून सांगायला कोणी नसतं. इथे मात्र प्रश्नपत्रिकेसोबत उत्तरंही पुरलेली होती.

पाट्यांवर फ्रेंच आडनावं बरीच आहेत. ही माणसं ह्युगेनॉट, म्हणजे फ्रान्समधले प्रोटेस्टंट किंवा त्यांचे वंशज. 1598 च्या नांतच्या फर्मानाने त्यांना धर्म पाळण्याची मुभा दिली होती. फ्रान्सचा राजा चौदावा लुई याने 1685 मध्ये ती काढून घेतली. दोनेक लाख लोकांनी देश सोडला, त्यातले पन्नासेक हजार इंग्लंडला आले. ‘रेफ्युजी’ हा शब्द इंग्रजीत रुजला तो त्यांच्यामुळे. स्पिटलफील्ड्समध्ये त्यांनी रेशमाचे माग घातले. (आपल्या छिटांशी, म्हणजे छापील सुती कापडाशी, या वस्तीचं वैर होतं. हिंदुस्थानी छिटाचे कपडे घातलेल्या बायकांच्या अंगावरचं कापड इथल्या विणकरांनी 1719 मध्ये भर रस्त्यात फाडलं होतं.)

लंडनमधल्या ह्युगेनॉटांची प्रार्थनाघरं स्वतःची होती. बाप्तिस्मा आणि लग्नाच्या नोंदी तिथे फ्रेंचमध्ये होत. दफनासाठी मात्र बहुतेकांना इंग्रजी चर्चकडेच जावं लागे. त्यामुळे माणसाचा जन्म एका वहीत, तर मरण दुसऱ्याच वहीत, तेही इंग्रज कारकुनाने कानाला ऐकू आलं तसं लिहिलेलं. शाळेच्या दाखल्यावर एक आडनाव आणि रेशनकार्डावर दुसरं, हा अनुभव ज्यांना आहे त्यांना यातला गोंधळ वेगळा समजावून सांगायला नको. काहींनी तर आडनावाचं सरळ भाषांतरच केलं, लब्लाँचे व्हाइट झाले. लंडनमध्ये 1885 मध्ये स्थापन झालेल्या ह्युगेनॉट सोसायटीने या जुन्या वह्या छापून काढल्या, म्हणून आज दोन्ही टोकं जुळवता येतात.

दफनाच्या नोंदींशी जोडलेला एक कायदा मला फार विचित्र वाटतो. इंग्लंडच्या लोकरधंद्याला आधार म्हणून सतराव्या शतकात नियम झाला की प्रेत लोकरीच्याच कापडात गुंडाळायचं आणि तसं शपथेवर लिहून द्यायचं. नाहीतर दंड 5 पौंड, त्यातले अर्धे चुगली करणाऱ्याला! हा कायदा 1814 मध्ये रद्द झाला. तोवर जन्मभर रेशीम विणलेल्या माणसालाही शेवटी लोकरच नेसवायची, असा हुकूम होता.

तळघर उपसण्याचं काम सोपं नव्हतं. पैसेवाल्यांच्या शवपेट्या लाकूड, मग शिसं, मग पुन्हा लाकूड अशा थरांच्या असत. काही प्रेतांवर मांस अजून शिल्लक होतं. देवीचे विषाणू कुठे जिवंत असतील का, ही धास्ती होतीच, शिवाय शिशाची धूळ.

थेया मॉलेसन आणि मार्गारेट कॉक्स यांनी या सांगाड्यांचा अभ्यास 1993 मध्ये प्रसिद्ध केला. पाटी न बघता, फक्त हाडांवरून अंदाज बांधायचे आणि नंतर पाटीशी ताडून बघायचं, अशी पद्धत होती. मोठ्या माणसांमध्ये बाई की पुरुष हे 98 टक्के वेळा बरोबर आलं. वयाच्या पेपरात मात्र दांडी उडाली. खऱ्या वयाच्या पाच वर्षं अलीकडे-पलीकडे बसणारे अंदाज 30 टक्क्यांहूनही कमी, आणि दहा वर्षांची सूट दिली तरी निम्मेच. चुकांना दिशाही होती: चाळिशीच्या आतले लोक हाडांवरून जास्त वयाचे ठरत होते आणि सत्तरी ओलांडलेले कमी वयाचे.

हे असं का होतं? मुलांचे दात आणि हाडं बऱ्यापैकी ठरलेल्या वेळापत्रकाने वाढतात, म्हणून लहान मुलाचं वय दातांवरून चांगलं कळतं. वाढ थांबली की उरते ती झीज. ओटीपोटाच्या पुढच्या बाजूला दोन हाडं जुळतात तिथला पृष्ठभाग, कवटीचे सांधे, मांडीच्या हाडाचं वरचं टोक हे सगळं वयाबरोबर बदलतं, पण प्रत्येकाचं आपापल्या गतीने. त्यात दुसरी गोची आहे. ‘इतकी झीज म्हणजे इतकं वय’ हे कोष्टक आधीच्या कुठल्यातरी सांगाड्यांच्या संग्रहावरून केलेलं असतं. त्या संग्रहात मधल्या वयाचे लोक जास्त असतील, तर ते कोष्टक कुठल्याही गावच्या हाडांना मधल्या वयाकडे ओढतं. बोके-आपेल आणि मासे या फ्रेंच संशोधकांनी 1982 मध्येच हा इशारा दिला होता. ही चूक किती मोठी, याचं मापच स्पिटलफील्ड्सच्या पाट्यांनी हातात दिलं.

म्हाताऱ्यांची हाडं अशी तरुण ठरली, तर ‘पूर्वी माणसं चाळिशीतच संपायची’ हे जे आपण सहज म्हणून जातो, त्याला बळच मिळतं. सरासरी आयुष्य खाली यायचं ते मुख्यतः लहान मुलांच्या मृत्यूंमुळे. जगली-वाचली ती माणसं म्हातारी होत होती. लुईझा कोर्टोल्ड ही 1729 मध्ये फ्रान्समध्ये जन्मलेली ह्युगेनॉट बाई. नवऱ्यामागे तिने सोन्याचांदीच्या कामाची पेढी चालवली. 1807 मध्ये ती पंच्याहत्तरी उलटून वारली आणि याच चर्चमध्ये तिचं दफन झालं.

आणखी एक समजूत इथे निकालात निघाली. बाईच्या ओटीपोटाच्या हाडावरचे खड्डे बाळंतपणाच्या खुणा मानले जात. स्पिटलफील्ड्समधल्या बायकांना किती मुलं झाली हे कागदपत्रांवरून शोधता येत होतं. कॉक्सने ते शोधलं, आणि खड्ड्यांचा मुलांच्या संख्येशी मेळ बसेना.

राहिले विणकर. आयुष्यभर धोटा फेकणाऱ्या माणसाच्या बोटांचे सांधे झिजलेले असणारच, असं कोणीही पैजेवर सांगेल. टोनी वॉल्ड्रन आणि कॉक्स यांनी विणकरांचे हात आणि इतर धंद्यांतल्या पुरुषांचे हात शेजारी ठेवून पाहिले. सांध्यांच्या झिजेत फरक सापडला नाही. यातला विणकर कोण, ते हाडांनी सांगितलं नव्हतं, कागदांनी सांगितलं होतं.