सातव्या फळीवर

"बेन, बीक लागे छे?" मचाणावरच्या पोराने विचारलं. ताई, भीती वाटते का?

"जराय नहीं," मी म्हणाले. तेव्हा माझा डावा पाय शिवणयंत्राच्या सुईसारखा वरखाली उडत होता, आणि ते त्याला, मला आणि खाली बसलेल्या माझ्या मैत्रिणीलाही स्वच्छ दिसत होतं.

बडोद्याहून निघून हालोल मागे टाकलं, पावागड ओलांडला की साग आणि मोहाची झाडी लागते. मोहाला इथले लोक महुडो म्हणतात. तिथल्या एका शेतावर झाडाझाडांत मचाणं बांधून मध्ये तारा, दोर आणि झुलत्या फळ्या लावल्या आहेत. रोप्स कोर्स. ज्या शहराचं नावच वडावरून पडलं, तिथल्या बायकांनी झाडावर चढायला एवढं लांब का यावं, हे विचारू नका. बँकवालीला बढती मिळाली होती आणि पार्टी 'काहीतरी वेगळी' हवी होती. आम्ही चौघी रावपुऱ्यातल्या शाळेपासूनच्या मैत्रिणी. दातांची डॉक्टर सगळ्यांत पुढे, तिच्यामागे बँकवाली, मग मी. चौथी गुडघ्याचं निमित्त सांगून खालीच खाटेवर बसली, चहा घेत. माझे आजोबा प्रोफेसर माणिकरावांच्या आखाड्यात मल्लखांब करायचे. ते रक्त माझ्यापर्यंत येईतो बरंच पातळ झालेलं दिसतं.

धोका फारसा नव्हता, आणि नाही हे मला आकड्यांत माहीत होतं. मी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते. कमरेच्या पट्ट्याला दोन दोर, दोन्हींच्या टोकाला पोलादी हुक. मचाणावर पोचलं की एक हुक काढून पुढच्या तारेत लावायचा आणि तो लागल्यावरच दुसरा सोडायचा. म्हणजे एक तरी कायम अडकलेला. हुकावर कोरलेला आकडा मी चढण्यापूर्वीच वाचला होता, २५ किलोन्यूटन. साधारण अडीच हजार किलोचं वजन म्हणा. माझं वजन ६४ किलो. घसरताना बसणारा झटका वजनाच्या काही पट धरला तरी हिशोब आरामात सुटतो. वर्गात मी हे गणित बोलता बोलता सोडवलं असतं. चौदा फळ्यांच्या त्या पुलावर सातव्या फळीशी मात्र ते पायांपर्यंत पोचेना.

याचं एक उत्तर हल्ली सगळ्यांना पाठ असतं. मेंदूत बदामाच्या आकाराचा अमिग्डला नावाचा भाग आहे. धोक्याची कच्ची बातमी तिथे जवळच्या वाटेने आधी पोचते, विचार करणाऱ्या भागाकडे सविस्तर बातमी मागाहून जाते. तोवर अॅड्रेनलीन सुटलेलं असतं, आणि स्नायूंत एरवी जाणवणारही नाही इतका जो बारीक कंप कायम असतो, तो त्याने वाढतो. उत्तर बरोबर आहे, पण माझं त्याने समाधान होत नाही. कुत्रा अंगावर आला तरी हेच घडतं. उंचीची गोष्ट जरा निराळी आहे. तिची सुरुवात डोळ्यांपासून होते.

घरी करून बघण्यासारखा एक प्रयोग आहे. दाराच्या चौकटीसमोर हातभर अंतरावर एका पायावर उभे राहा, नजर चौकटीवर. जमतं. आता डोळे मिटा. बहुतेकांचा तोल काही सेकंदांत डगमगू लागतो. (आधार हाताशी ठेवा.) आपण दोन पायांवरही कधीच निश्चल उभे नसतो, सतत थोडे झुलत असतो. तळपायांतून, सांध्यांतून आणि आतल्या कानातून याची खबर मेंदूला मिळते, पण त्याची मोठी भिस्त डोळ्यांवर असते. डोकं २ सेंटिमीटर हललं तर १ मीटरवरची चौकट आपल्या नजरेत एका अंशाहून जरा जास्त सरकते. पौर्णिमेचा चंद्र अर्ध्या अंशाचा दिसतो, म्हणजे दोन चंद्रांहून जास्त. एवढी हालचाल डोळे लगेच टिपतात आणि पोटऱ्या तोल सावरतात. तीच चौकट १० मीटरवर असेल तर ती जेमतेम पाव चंद्राएवढी सरकेल. डोळे गोंधळात पडतात: आपण हललो, की नाही?

जर्मन मेंदूतज्ज्ञ थॉमस ब्रांट यांनी १९८० च्या सुमारास हेच मोजलं. सर्वांत जवळची स्थिर वस्तू साधारण ३ मीटरपलीकडे गेली की उभ्या माणसाचं झुलणं वाढू लागतं. म्हणजे उंचावर गरगरतं त्याला शरीराचं चोख कारण आहे. तोल सावरायची एक बाजू खरोखरच लुळी पडलेली असते. त्यात आपण भीतीने ताठ होतो. पोटऱ्या, मांड्या, मान सगळं आवळलं जातं, नजर लांब कुठेतरी गोठते, जवळचं बघायचंच सोडते. पक्क्या जमिनीवर हे एक वेळ चाललं असतं. झुलत्या फळीवर पायाचा कंप फळीत उतरतो, फळी हलते, ते हलणं डोळ्यांना दिसतं आणि पाय आणखी कापतो. मी नेमकी त्या चक्रात सापडले होते. जर्मनीतल्या साडेतीन हजार प्रौढांच्या एका पाहणीत २८ टक्के लोकांनी उंचीचा असा त्रास कधी ना कधी झाल्याचं सांगितलं होतं. चौघींत एक. आमच्यात निदान मी.

चढण्यापूर्वी आम्ही पुलाच्या उंचीवर पैज लावली होती. खालून मी 'फार तर पंधरा फूट' म्हटलं होतं. मचाणावर गेल्यावर मला कोणी विचारलं असतं तर मी पस्तीसवर हात मारला असता. होते बावीस. उंची वरून पाहताना खालून पाहण्यापेक्षा जास्त भासते, आणि घाबरणाऱ्यांना आणखी जास्त, हे अमेरिकेत जनीन स्टेफानुची आणि डेनिस प्रॉफिट यांनी एका सज्जावर माणसं उभी करून दाखवलं आहे.

डॉक्टरीण तो पूल कधीच पार करून गेली होती. खारीसारखी, हात सोडून. पलीकडून ओरडली, "अगं, काहीच नाहीये, ये!" खाटेवरून साथ आली, "काही होत नाही गं!" या दोन वाक्यांचा मला काडीचाही उपयोग झाला नाही. पैकी एक तर चहा पीत होती.

उपयोग झाला तो बँकवालीचा. ती तिसऱ्या फळीवर चक्क बसली होती. "आई गं, मेले," म्हणाली, रडली, त्या पोराला बोल लावले, मग उठली आणि एकेक पाऊल आडवं सरकवत गेली. पलीकडच्या खोडाला मिठी मारून तिने मागे वळून माझ्याकडे पाहिलं.

त्या वळून पाहण्याला संशोधनात जुना आधार आहे. एलिनॉर गिब्सन आणि रिचर्ड वॉक यांनी १९६० मध्ये रांगत्या बाळांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. टेबलावर जाड काच, अर्ध्या भागाखाली लगेच चौकड्यांचं कापड, उरलेल्या अर्ध्याखाली तेच कापड खोल जमिनीवर. आई पलीकडून बोलावत असूनही बहुतेक बाळं खोल बाजूच्या काचेवर गेली नाहीत. मला त्याहून आवडतो तो १९८५ चा पुढचा प्रयोग. त्यात खोली मुद्दाम कमी केली, साधारण ३० सेंटिमीटर, म्हणजे बाळ घुटमळेल अशी. पलीकडे आई. तिने बोलायचं नाही, फक्त चेहरा करायचा. हसरा चेहरा पाहून १९ पैकी १४ बाळं काच ओलांडून आली. भेदरलेला चेहरा पाहणाऱ्या १७ पैकी एकही आलं नाही. ठरवता येत नाही तेव्हा माणूस आपल्या माणसाच्या तोंडाकडे बघतो, आणि ही खोड आपण रांगायचं सोडलं तरी सुटत नाही.

बँकवालीचा चेहरा काही हसरा नव्हता. काजळ गालावर उतरलं होतं. मग डॉक्टरणीच्या हसऱ्या तोंडापेक्षा ते रडवेलं तोंड माझ्या कामी का यावं? डोनाल्ड मायकेनबॉम यांनी १९७१ मध्ये सापाला भिणाऱ्यांसमोर दोन तऱ्हांचे नमुने ठेवले होते. एक सापाला बेधडक हाताळणारा, दुसरा आधी घाबरणारा आणि मग हळूहळू स्वतःला सावरत साप हातात घेणारा. पाहणाऱ्यांची भीती दुसऱ्याने जास्त उतरवली. डॉक्टरणीला पाहून मला एवढंच कळलं होतं की डॉक्टरीण जाऊ शकते. बँकवाली माझ्यासारखी, माझ्याच वजनाची, माझ्याइतकीच घाबरट. तिने माझ्याच भीतीतून जाऊन दाखवलं होतं. शिवाय तिने धीर दिला नाही, माहिती दिली. "सातवी डावीकडे कलते. डोक्यावरची तार बघत ये, लांब बघू नकोस." ब्रांट यांचं नाव तिने आजवर ऐकलेलं नाही. पण तार हातभरावर होती, आणि त्या क्षणी तीच तेवढी स्थिर होती.

सोबतीने चढसुद्धा सौम्य भासतो, आणि मैत्री जितकी जुनी तितका अधिक, असं सांगणारा एक प्रयोग २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. नमुना लहान होता आणि त्या पठडीतल्या प्रयोगांवर टीकाही झाली आहे, म्हणून मी त्यावर फार भार टाकणार नाही. आवडतो मात्र.

"बेन?" पोराने पुन्हा हाक मारली. या वेळी मी खरं बोलले. "हो, खूप बीक लागे छे. पाय कापतोय, तळहात ओले झालेत, आणि ही फळी कलंडेल असं वाटतंय."

"हा, मने खबर छे," तो म्हणाला. मला माहीत आहे!

कोळ्याला भिणाऱ्या ८८ जणांवर कॅलिफोर्नियात झालेला एक प्रयोग मी पूर्वी वाचला होता, तो घरी आल्यावर आठवला. एका गटाने मोठ्या केसाळ कोळ्याजवळ जाताना आपली भीती शब्दांत मांडायची होती, दुसऱ्याने 'हा निरुपद्रवी आहे' अशी समजूत घालायची होती, आणखी काहींनी भलतंच बोलायचं होतं. आठवड्याने पुन्हा कोळ्यासमोर आणलं तेव्हा भीती बोलून दाखवणाऱ्यांच्या तळहाताला घाम कमी सुटला. म्हणजे 'काही होत नाही' हे स्वतःला सांगणंही खाटेवरून ओरडण्याच्याच जातीचं.

उरलेल्या सात फळ्यांना किती वेळ लागला कोण जाणे. पार केल्या. पुढची झिपलाइन मी डोळे मिटून केली, ती इथे मोजत नाही.

आता भीती गेली असेल, असं घरच्यांना वाटलं. ती तशी जात नाही. घंटा वाजली की खाणं येतं हे शिकलेल्या, रशियन शास्त्रज्ञ पावलोव्ह यांच्या कुत्र्यांनी, पुढे नुसतीच घंटा वाजत राहिल्यावर तिला लाळ गाळणं सोडून दिलं होतं, तरी काही काळ जाऊ दिल्यावर ती पुन्हा गाळू लागली. जुनी शिकवण पुसली जात नाही, तिच्याशेजारी नवी लिहिली जाते, आणि नवी त्या जागेला, त्या प्रसंगाला चिकटून राहते. म्हणून एकदाच केलेल्या धाडसाचं मला फारसं कौतुक नाही. गटे हा जर्मन कवी विद्यार्थिदशेत, १७७० च्या सुमारास, स्ट्रासबुर्गच्या कॅथेड्रलच्या मनोऱ्यावर मुद्दाम चढून वरच्या इवल्या सज्जात उभा राहायचा, आणि भीती मावळेपर्यंत पुन्हापुन्हा जायचा. ही खरी रीत. बडोद्यात तसा मनोरा मला परवडणारा नाही.

गच्ची मात्र आहे. उत्तरायणाला, १४ जानेवारीला, आम्ही बँकवालीच्या दांडिया बाजारातल्या चौथ्या मजल्यावरच्या गच्चीत जमलो. चिक्की, उंधियू, भोंगे, आणि कमरेइतकाच कठडा. पतंग बघायला पुढे गेले आणि डावा पाय सुरू झाला. सागावरच्या सातव्या फळीचं त्याला काही ठाऊकच नव्हतं. मी पाण्याच्या टाकीच्या काठावर नजर लावली.

"बीक लागे छे?" बँकवालीने विचारलं.

"हो."

तिने फिरकी माझ्या हातात दिली आणि कठडा नि मी यांच्या मधोमध येऊन उभी राहिली. डोळ्यांपासून अंतर, साधारण दोन फूट.