निराधारचा पगार: दिव्यांग अर्जदारांनी तहसीलला जाण्याआधी वाचावं

संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज तहसील कार्यालयात जातो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. कागद कोणत्या क्रमानं काढायचे हे मात्र फारसं कोणी सांगत नाही, आणि फेऱ्या वाढतात त्या तिथंच. आमच्या केंद्रात येणारे बहुतेक जण आधी फॉर्म मागतात. फॉर्म सगळ्यात शेवटी. आधी सिव्हिल (सरकारी रुग्णालय), मग उत्पन्नाचा दाखला, मग बँक, आणि त्यानंतर तहसील.

पात्रता

वय 18 ते 65, अपंगत्व किमान 40 टक्के, महाराष्ट्रात किमान 15 वर्षं रहिवास आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 50,000 रुपयांपर्यंत. इतर निराधारांना ही मर्यादा 21,000 आहे. दिव्यांगांचं अनुदान ऑक्टोबर 2025 पासून महिना 2,500 रुपये झालं. बाकीच्यांचं 1,500 आहे. वर्षाला 50,000 म्हणजे महिन्याला चार हजारांच्या थोडं वर. आजच्या मजुरीच्या मानानं ही मर्यादा तोकडीच आहे, पण म्हणून उत्पन्न कमी दाखवून अर्ज भरून देण्याचं काम आम्ही करत नाही. कृपया तसा आग्रह धरू नका.

सिव्हिलचं काम

दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र), दोन्हींसाठी अर्ज एकच, स्वावलंबन या सरकारी पोर्टलवर. त्याला सरकारी फी नाही. आधार, फोटो आणि आजाराचे कागद घेऊन या, अर्ज आम्ही भरून देतो. रुग्णालय निवडावं लागतं. जवळच्या उपजिल्हा रुग्णालयात तुमच्या प्रकाराचे तज्ज्ञ नसतील तर जिल्हा रुग्णालयच निवडलेलं बरं. डोळे, कान, हाडं, मानसिक आजार यांचे डॉक्टर एकाच दिवशी बसतीलच असं नाही, तेव्हा आपला वार विचारून मगच गाडीभाडं खर्च करा. जुने केसपेपर आणि एक्स-रे मूळ प्रतीच न्या.

पाय किंवा डोळे अधू असले तरच प्रमाणपत्र मिळतं, ही समजूत जुनी झाली. 2016 च्या कायद्यात 21 प्रकार आहेत. सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, पार्किन्सन, दीर्घकालीन मानसिक आजार, ॲसिड हल्ल्यातली इजा, कुष्ठरोगातून बरं झाल्यावर राहिलेलं अपंगत्व, हे सगळं त्यात येतं. टक्केवारी डॉक्टर ठरवतात. आम्ही किंवा दुसरं कोणी ती वाढवून देऊ शकत नाही. कार्डावर पांढरी पट्टी म्हणजे 40 च्या आत, पिवळी म्हणजे 40 ते 79, निळी म्हणजे 80 आणि वर. पांढऱ्या पट्टीवर हे अनुदान मिळत नाही.

हातानं लिहिलेलं जुनं प्रमाणपत्र असेल तर आधी यूडीआयडी काढून घ्या. प्रमाणपत्र तात्पुरतं असेल तर त्यावरची मुदतीची तारीख पाहा. मुदत संपली की अनुदान अडकतं.

उत्पन्नाचा दाखला

अर्ज ऑनलाइन, त्याआधी तलाठ्याचा अहवाल. (पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी आहे, पण गावात अजून तलाठीच चालतं.) दाखल्याची मुदत 31 मार्चला संपते. फेब्रुवारीत काढलेला दाखला महिन्याभरात कालबाह्य होतो, त्यामुळे शक्य असेल तर एप्रिलनंतर काढा.

बँक

मंजुरी आली तरी पैसे पडले नाहीत, ही तक्रार आमच्याकडे सगळ्यात जास्त येते. अनुदान आता थेट आधारवर जमा होतं, पासबुकावरच्या खाते क्रमांकावर नाही. बँकेत आधारची झेरॉक्स दिली म्हणजे खातं डीबीटीला (सरकारी पैसे थेट खात्यात येण्याच्या सोयीला) जोडलं गेलं असं नाही. त्यासाठी सीडिंगचा, म्हणजे खातं आधारला जोडण्याचा, वेगळा फॉर्म द्यावा लागतो. शिवाय सीडिंग एका वेळी एकाच खात्याला राहतं. गावात शिबिरात कोणी नवं खातं उघडून दिलं असेल तर पैसे गुपचूप तिकडे वळतात आणि आपण जुन्या पासबुकावर नोंद शोधत बसतो. कोणतं खातं जोडलेलं आहे ते आम्ही दोन मिनिटांत पाहून देतो. फक्त आधारला जोडलेला मोबाइल सोबत आणा, ओटीपी त्यावरच येतो. बोटांचे ठसे उमटत नसतील तरी आधारची पडताळणी डोळ्यांच्या बुबुळांवरून होते.

आधार, रेशन कार्ड आणि पासबुक, तिन्हींवर नाव सारखं हवं. एकीकडे माहेरचं आडनाव, दुसरीकडे सासरचं, असं असेल तर ते आधी दुरुस्त करा.

तहसील

सगळे कागद जुळले की संजय गांधी शाखेत अर्ज द्या आणि शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय हलू नका. मंजुरी तालुका समितीच्या बैठकीत होते. "समितीत ओळख आहे, एवढे द्या" असं कोणी म्हणालं तर एक रुपयाही देऊ नका. त्रुटी काढली तर ती लेखी मागा, तोच कागद आमच्याकडे आणा.

लाडकी बहीणचे 1,500 आणि हे अनुदान एकाच बाईला मिळत नाही. दिव्यांग भगिनींना 2,500 चं हे अनुदान अर्थातच जास्त सोयीचं. मंजुरीनंतर दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो, तो विसरू नका.

ग्रामपंचायत आणि नगरपरिषदेनं स्वतःच्या उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. त्यासाठी तिथं वेगळा अर्ज द्यावा लागतो, नमुना आमच्याकडे आहे.

आमचं दरपत्रक काउंटरवर लावलेलं आहे. पैसे दिले की पावती मागून घ्या. पायऱ्या चढता येत नसतील तर खालूनच फोन करा, कागद घ्यायला आम्ही खाली येतो.