पाऊस ओसरला, पूर ओसरायचा आहे

महाबळेश्वर आणि कोयना परिसरातील पाऊस ओसरल्याची बातमी येते, तरी सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी चढतच राहते. पाऊस ओसरतो तेव्हा त्याचा जोर कमी होतो, तर पूर ओसरतो तेव्हा नदीची पातळी उतरू लागते. मधल्या काळात साताऱ्याच्या घाटमाथ्यावर आधीच पडलेले पाणी ओढ्यांतून, धरणांच्या विसर्गातून आणि कराडच्या प्रीतिसंगमावरून खाली येत असते. त्यामुळे ‘ओसरणे’ हे क्रियापद वापरताना नेमके काय ओसरले, हे सांगणे अत्यावश्यक आहे. शिवाय ओसरणे म्हणजे संपणे नव्हे. पाणी 45 फुटांच्या धोका पातळीखाली आले, तरी 40 फुटांची इशारा पातळी गाठायला आणखी पाच फूट उतरावे लागते.

पूर चढतो झपाट्याने आणि ओसरतो संथपणे. चढताना उतारांवरून धावत आलेले पाणी एकदम नदीत शिरते. ओसरताना मात्र शेतांत, मळीत आणि नाल्यांत पसरलेले पाणी हळूहळू पात्रात परतते, जमिनीत मुरलेले पाणी झिरपत राहते, आणि पुढे नृसिंहवाडीला पंचगंगाही फुगलेली असेल तर कृष्णेच्या पाण्याला पुढे सरकायला अडथळा होतो. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीत पाणी 57 फुटांच्या आसपास गेले, तेव्हा नदीकाठच्या लोकांना हे संथ ओसरणे दिवसच्या दिवस सोसावे लागले.

पाऊस पूर्ण थांबल्यावर नदीचा प्रवाह बऱ्याचदा ठरावीक प्रमाणात घटतो. समजा, प्रवाह दररोज एक दशांशाने कमी होतो. तर 1000 एककांचे दुसऱ्या दिवशी 900, तिसऱ्या दिवशी 810 आणि चौथ्या दिवशी 729 एकक उरतात. घट दररोज लहान होत जाते, पण प्रवाह निम्मा व्हायला दर वेळी साधारण तेवढेच दिवस, या उदाहरणात सुमारे साडेसहा, लागतात.

भूकंपानंतरचे धक्के निराळ्या रीतीने ओसरतात. जपानी भूकंपशास्त्रज्ञ फुसाकिची ओमोरी यांनी 1894 मध्ये दाखवले, की पश्चात धक्क्यांची संख्या मुख्य भूकंपानंतर लोटलेल्या काळाच्या जवळपास व्यस्त प्रमाणात घटते. पहिल्या दिवशी जितके धक्के बसतात, त्यांच्या सुमारे एक दशांश दहाव्या दिवशी बसतात. येथे संख्या निम्मी होण्याचा काळ स्थिर राहत नाही, तो वाढत जातो: पहिल्या दिवसाची संख्या दुसऱ्या दिवशी निम्मी होते, तिची पुन्हा निम्मी व्हायला चौथा दिवस उजाडतो आणि त्यानंतर आठवा. म्हणूनच भूकंपाची मालिका पुरापेक्षा कितीतरी चिवटपणे रेंगाळते.

येथेही कर्ता नीट पाहायला हवा. धक्के ओसरले, म्हणजे त्यांची संख्या घटली. एखादा उशिराचा धक्का मोठा असणारच नाही, असे त्यातून निघत नाही. सातारा जिल्ह्यातील कोयनानगरला 11 डिसेंबर 1967 रोजी विनाशकारी भूकंप झाला. तेथील भूकंपांचा कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयातील पाण्याशी संबंध असल्याने तो केवळ पश्चात धक्क्यांचा प्रश्न नाही. 1973 आणि 1980 मध्येही त्या परिसरात 5 पेक्षा अधिक तीव्रतेचे भूकंप नोंदले गेले.